नमुना उत्तर

आमच्या शाळेत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. मुलं त्यांना 'छटा सर' म्हणायची. कुठलाही इंग्रजी शब्द निघाला की सर चष्मा काढायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "थांबा, घाई नको. याची छटा वेगळी आहे." मुलं मागे त्यांची हुबेहूब नक्कल करायची. सरांना ते ठाऊक होतं, पण ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मी त्या शाळेत लागले तेव्हा माझं इंग्रजी बेताचंच होतं. पदवी होती, पण वर्गात उभं राहिलं की वाक्य अर्ध्यावर अडायचं. सरांनी मला हाताला धरून शिकवलं. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते मला एकेक शब्द सोलून द्यायचे. त्यातही त्यांच्या खास जिव्हाळ्याचे म्हणजे किंमत ठरवण्याचे शब्द. दर वर्षी ते हा धडा घ्यायचे आणि दर वर्षी मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे.

मनगटावरचं घड्याळ काढून ते टेबलावर ठेवायचे. घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायचं.

"हे बघून तुम्ही मनाशी जो अंदाज बांधलात, तो एस्टिमेट. घड्याळजीने भिंग लावून, आतली चक्रं तपासून सांगितलं, ते अप्रेझल. पुरात घर किती पडलं, मूल किती शिकलं, हे ठरलेल्या मापाला लावून बघणं म्हणजे असेसमेंट. आणि ज्या कामासाठी घेतलं ते काम हे करतंय का, ठेवायचं की टाकायचं, असा सगळ्या बाजूंनी विचार करणं म्हणजे इव्हॅल्युएशन."

दर वर्षी एखादी पोरगी उठून म्हणायची, "सर, मग तुम्ही ते टाकत का नाही?"

"वडिलांचं आहे. त्याला वर्थ म्हणतात. बस खाली."

वर्ग हसायचा. मग सर शेवटच्या वळणावर यायचे. "आता सांभाळून. अशक्त म्हणजे शक्ती नाही. अज्ञान म्हणजे ज्ञान नाही. मग अमूल्य म्हणजे मूल्य नाही का? नाही! मोजायला जावं तर माप अपुरं पडतं, ते अमूल्य. इंग्रजीतही तीच गंमत. इनव्हॅल्युएबल हा व्हॅल्युएबलचा बाप. व्हॅल्युलेस मात्र खरोखर कवडीमोल. प्राइसलेस आणि वर्थलेस, दोघांना शेपूट एकच, पण एक बसतो सिंहासनावर आणि दुसरा उकिरड्यावर. परीक्षेत या दोघांची गल्लत केलीत तर मी तुमच्या घरी येईन."

घरी यायची धमकी ते सगळ्यांनाच द्यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात माणसं दोनच. ते आणि वहिनी. दोन खोल्या, त्यातल्या एकीत वहिनींचं शिवणयंत्र. त्या लोकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या, चेन बदलून द्यायच्या. यंत्राच्या खडखडाटात सर वह्या तपासायचे.

ज्या वर्षाबद्दल सांगतेय, त्या वर्षी शालान्त परीक्षेचे इंग्रजीचे पेपर तपासायला आम्हा दोघांना एकाच केंद्रावर बोलावलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेचा मोठा हॉल. तीसेक परीक्षक, प्रत्येकापुढे पंचवीस उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाल पेनं, आणि एकेक छापील नमुना उत्तर. आमचे मुख्य परीक्षक म्हणजे टापटिपीचा माणूस. खिशाला तीन पेनं आणि आवाज नेहमी एका पट्टीत. दर गठ्ठ्यातल्या चार-पाच पत्रिका ते स्वतः काढून बघायचे.

पहिल्याच दिवशी चौथ्या प्रश्नापाशी सर थबकले. चार शब्द दिले होते. प्रत्येकाचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा, प्रत्येकाला दोन गुण. त्यात इनव्हॅल्युएबल होता आणि प्राइसलेसही होता. नमुना उत्तरात पहिल्याचा अर्थ छापला होता 'ज्याला मूल्य नाही असा', आणि दुसऱ्याचा 'फुकट मिळणारा'.

सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला आणि मला हसू आलं. सरांना आलं नाही. ते उठले आणि मुख्य परीक्षकांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. हॉल शांत होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"साहेब, यात चूक आहे. अर्थ नेमके उलटे छापलेत."

मुख्य परीक्षकांनी कागद बघितला. त्यांनाही चूक कळली असावी, कारण त्यांनी तो कागद जरा जास्तच वेळ बघितला. मग म्हणाले, "सगळ्या केंद्रांवर हेच गेलंय, सर. आता इथे वेगळं तपासलं तर गोंधळ होईल."

"गोंधळ झालेलाच आहे. मंडळाला फोन करा."

"फोन केला की दोन दिवस काम थांबतं. निकालाची तारीख जाहीर झालीय." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "तुम्हाला उत्तरपत्रिकांचं मूल्यमापन करायला बोलावलंय. नमुना उत्तराचं मूल्यमापन करायला नाही."

"मग तसं लेखी द्या."

"लेखी हवं असेल तर तुमचे गठ्ठे काढून घेतो आणि कामात अडथळा आणला असं तुमच्या शाळेला कळवतो. ते लेखीच असेल."

सर परत येऊन बसले. मी हळूच म्हटलं, "जाऊ दे ना सर. चारच गुणांचा प्रश्न आहे." हे मी म्हटलं होतं, हे मला पक्कं आठवतं.

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते. मग त्यांनी तपासायला सुरुवात केली. नमुना उत्तराप्रमाणे. आयुष्यभर ज्या दोन शब्दांसाठी घसा कोरडा केला, त्यांचे बरोबर अर्थ लिहिणाऱ्या मुलांना ते शून्य देऊ लागले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पाच दिवसांत त्यांच्याकडून अशी एकसष्ट मुलं कापली गेली. आकडा त्यांनीच मला नंतर सांगितला. मी माझी मोजली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी सरांनी मला कोपराने ढोसलं. पुढ्यात एक उत्तरपत्रिका होती. अक्षर मोठं, डावीकडे झुकलेलं. इनव्हॅल्युएबलचा अर्थ नेमका लिहिला होता आणि खाली वाक्य होतं. वाक्याचा अर्थ असा, की माझी थोरली बहीण बोलू शकत नाही, आमच्या घरात तिचं हसणं इनव्हॅल्युएबल आहे. प्राइसलेसही बरोबर होता. बाकीचा पेपर सामान्यच. व्याकरणात धडपड, पत्राचा नमुना चुकलेला.

"बेरीज बघा," सर म्हणाले.

बत्तीस. पस्तीसला पास. ते चार गुण दिले असते तर छत्तीस.

सरांनी निबंध पुन्हा वाचला आणि सातचे दहा केले. बत्तीसचे पस्तीस झाले. मला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी मुख्य परीक्षकांनी नमुन्यासाठी पत्रिका काढल्या, त्यांत नेमकी तीच हाताला लागली. खाडाखोड त्यांच्या डोळ्यांतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी निबंध वाचला, दहाचे पुन्हा सात केले, शेजारी बारीक सही केली आणि पत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली. निबंध सातच्याच लायकीचा होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच सरांना फार लागलं.

बसने घरी येताना सर एवढंच म्हणाले, "त्या पेपरचा नंबर पाठ झालाय मला. विसरायचा म्हटलं तरी जात नाही."

निकाल लागल्यावर त्यांनी शाळेतल्या संगणकावर तो नंबर टाकला. मुलीचं नाव आलं, शाळा आली, आणि समोर 'अनुत्तीर्ण'. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती.

पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एका रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही माझ्याबरोबर चला. एकट्या पुरुषाने मुलीची चौकशी करत फिरणं बरं दिसत नाही."

परीक्षकाने परीक्षार्थीला शोधत जाणं हा गुन्हा आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी गेले. का गेले, ते मला अजून सांगता येत नाही.

तिच्या शाळेचा शिपाई आवारातच राहत होता. त्याच्याकडून पत्ता मिळाला. एका मोठ्या दवाखान्याच्या मागे कपडे धुण्याचा विभाग होता, तिथेच तिची आई कामाला. आता मुलगीही तिथेच लागलेली. लांबोडकी खोली, छतापर्यंत वाफ, भिंतींचे पोपडे निघालेले. एका बाजूला ओल्या चादरींचे ढीग आणि मधोमध गरम रूळ. एकीने चादर आत सारायची आणि दुसरीने पलीकडून ओढून घडी घालायची. ती आत सारत होती. सतरा वर्षांची असेल. दोन्ही कोपरांपर्यंत कातडी लाल झालेली. कोपऱ्यात खुर्चीवर एक मोठी मुलगी बसून घड्या मोजल्यासारखं करत होती. आम्हाला बघून ती तोंडभर हसली. हीच ती बहीण, हे कुणी सांगावं लागलं नाही.

सर रुळाजवळ गेले आणि म्हणाले, "मी तुझा इंग्रजीचा पेपर तपासला."

मुलीचे हात चादरीवरच थांबले.

"तू चौथ्या प्रश्नात जे लिहिलंस ना, दोन्ही शब्द, ते बरोबर होते."

"मग चूक कुणी दिली?"

"मी."

"बरोबर आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

मग तिची नजर रुळाकडे गेली. "चादर करपेल," असं म्हणून तिने पुढची चादर आत सारली.

तिची आई पलीकडून आली. कपाळावरचा घाम दंडाला पुसत तिने सगळं ऐकून घेतलं. मुलीला परिचारिकेच्या मदतनीसाचं शिक्षण घ्यायचं होतं, शालान्त पास झाली असती तर तिथेच, त्याच दवाखान्यात घेणार होते. आता ती जागा गेली. आई म्हणाली, "आता हे सांगून काय उपयोग, मास्तर? तुमच्या मनाचं ओझं हलकं करायला आलात होय?"

सर मान खाली घालून म्हणाले, "तेही असेल. पण मी मंडळाला लिहून देतो. माझ्या सहीने."

निघताना मुलगी आमच्यामागे दारापर्यंत आली. "सर, वर्गातल्या मुलींनी मला गाइड दाखवलं. त्यातही तोच अर्थ आहे, मूल्य नसलेलं. त्या म्हणाल्या, तू सख्ख्या बहिणीला बिनकामाची म्हणालीस. मला वाटलं, मीच चुकले. मी दोन महिने ताईच्या तोंडाकडे बघितलं नाही."

सरांनी तिला काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मी पुढे निघून आले होते.

सरांनी खरंच लिहिलं. चार पानी पत्र, शब्दकोशांचे उतारे जोडून. एकसष्ट मुलांच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासा, आणि इतर केंद्रांवरच्याही. महिन्याने उत्तर आलं. नियमानुसार गुणांची फेरमोजणी करता येते, फेरमूल्यांकन करता येत नाही. फेरमोजणीची मुदतही संपली आहे. सरांनी पुन्हा लिहिलं, आणि या वेळी मुलीचा नंबर घातला, तिला भेटल्याचंही लिहिलं. मी त्यांना म्हटलं होतं, ते तेवढं लिहू नका. ते म्हणाले, "अर्धवट खरं लिहायला मी वकील आहे का?"

या पत्राला मात्र आठवड्यात उत्तर आलं. चौकशीची नोटीस.

तोवर सर दर रविवारी धुलाई विभागात जात होते. जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या ढिगाला टेकून, तिला पुन्हा परीक्षेला बसवायचं म्हणून शिकवायचे. सात रविवार झाले. आठव्याला त्यांनी फॉर्म नेला. मुलीने तो नीट वाचला आणि परत दिला.

"सर, पुन्हा हाच शब्द आला तर मी कुठला अर्थ लिहू? खरा की त्यांचा?"

हे सरांनीच मला नंतर सांगितलं. फॉर्म कोराच राहिला, त्याची तारीख निघून गेली. नोटिशीत परीक्षार्थीशी संपर्क ठेवायला मनाई होती. सरांचं जाणं बंद झालं.

चौकशीला तीन माणसं होती. मंडळाच्या इमारतीतली लहानशी खोली, टेबलावर पाण्याचे झाकलेले पेले. मुख्य परीक्षकांनी सांगितलं की कुणीही आक्षेप घेतल्याचं त्यांना आठवत नाही. उलट या परीक्षकाने एका पत्रिकेत गुण वाढवले होते, ते मी दुरुस्त केले, ही पाहा माझी सही. मग मला आत बोलावलं.

त्या वर्षी पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव गेलं होतं. आणि त्या रविवारी मीही तिथे होते, हे बाहेर आलं तर सरांच्या शेजारी मलाही उभं करतील, याची मला धडकी भरली होती. सर समोरच्याच खुर्चीवर होते.

मधल्या माणसाने विचारलं, "यांनी नमुना उत्तराविषयी हॉलमध्ये आक्षेप घेतला होता का? तुम्ही शेजारी बसत होता."

"हॉलमध्ये गडबड असायची," मी म्हटलं. "नक्की आठवत नाही."

"हे मुलीला भेटायला गेले, तेव्हा बरोबर कुणी होतं?"

हा प्रश्न सरांना होता. मी पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

"कुणी नाही," सर म्हणाले. "एकटाच गेलो होतो."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बाहेर आल्यावर जिन्यात मी त्यांची वाट बघत थांबले, पण ते दुसऱ्या दाराने निघून गेले असावेत.

गोपनीयतेचा भंग आणि गुणांत फेरफार, असे दोन ठपके आले. परीक्षेच्या कामातून कायमचे बाद. शाळेनेही हात झटकले. पालकांत चर्चा नको म्हणून त्यांना वर्गावरून काढलं आणि साहित्याच्या खोलीत बसवलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं सर खडू, डस्टर, नकाशे देत-घेत आणि वहीत नोंदी करत बसले. पुढच्या वर्षीच्या नमुना उत्तरात ते अर्थ बरोबर छापून आले. कुणी कुणाला काही कळवलं नाही.

मी पर्यवेक्षक झाले. पर्यवेक्षकाला दर वर्षी प्रत्येकाचा एक छापील तक्ता भरावा लागतो. त्यावर मोठ्या अक्षरात अप्रेझल असं लिहिलेलं असतं. त्यात एक रकाना आहे, विषयाचं ज्ञान. सर आता शिकवत नव्हते, म्हणून कार्यालयातल्या लिपिकाने मला सांगितलं, तिथे 'लागू नाही' असं लिहा. मी लिहिलं. सही घ्यायला साहित्याच्या खोलीत मीच गेले, शिपायाला पाठवायचं धाडस झालं नाही.

सरांनी चष्मा चढवून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "बरोबर आहे. हाच शब्द हवा होता इथे." आणि सही केली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षीही मी तेच लिहिलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. निरोपाचं कुणी काढलंच नाही. किल्ल्या त्यांनी आदल्या दिवशी टेबलावर ठेवल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून.

ती मुलगी अजून तिथेच आहे. मध्यंतरी माझ्या भावाला त्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा जिन्यात दिसली. चादरींची गाडी ढकलत होती. आई वाफेने दमेकरी होऊन घरी बसलीय, बहिणीला सोबत आणावं लागतं, ती गाडीची एक कड धरून चालत होती. मुलीने मला ओळखलं. "मास्तर बरे आहेत ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बरे आहेत." खरं तर मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात मी सरांच्या घरी गेले. सगळं बोलून टाकायचं असं ठरवून गेले होते. चौकशीच्या खोलीत मी तसं का म्हटलं ते सांगायचं होतं, आणि त्यांनी मला का वाचवलं, हे विचारायचं होतं. मंडळाला आता तरी पत्र लिहिते, माझ्या सहीने, असंही सांगायचं होतं. वाटेत दोनदा मी ती वाक्यं मनाशी जुळवली.

दार वहिनींनी उघडलं. गळ्यात माप घ्यायची फीत होती. त्या दारातच उभ्या राहिल्या, बाजूला झाल्या नाहीत.

"ते झोपलेत," त्या म्हणाल्या.

त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. सर खिडकीपाशी खुर्चीवर बसलेले होते, पाठ माझ्याकडे. त्यांनी माझा आवाज ऐकला असणार. ते हलले नाहीत.

"काही काम होतं?" वहिनींनी विचारलं.



"नाही वहिनी," मी म्हटलं. "सहज आले होते."

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. मी जिना उतरले. आत शिवणयंत्र पुन्हा सुरू झालेलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.